घोडी फळवण्याआधी शिंगराच्या रंगाचा हिशेब

शिंगरू कुठल्या रंगाचं येईल, हे घोडी फळवण्याआधी सांगता येतं का? पुष्कळदा येतं. जिथे नक्की सांगता येत नाही, तिथे निदान कुठला रंग येणारच नाही हे छातीठोकपणे सांगता येतं. अकरा महिने गाभण घोडी सांभाळायची, चंदी घालायची, रात्ररात्र जागायचं आणि मनासारखा रंग आला नाही म्हणून शिंगरू मिळेल त्या भावाला काढायचं, हे माळशिरस तालुक्यात माझ्या आजोळी मी लहानपणापासून पाहत आले आहे. मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार भरला की मामांबरोबर जाते. मामा दात आणि पाय बघतात, मी रंग बघते. हळूहळू ओळखीतले घोडेवाले फळवणीच्या आधी फोन करू लागले. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. घोडा जेवढे रंग दाखवतो त्यापेक्षा जास्त रंग अंगात बाळगतो. एक जनुक दुसऱ्याला झाकतं, तिसरं दोघांना झाकतं. म्हणून डोळ्यांना दिसतं ते अर्धंच. उरलेलं घोड्याचे आईबाप आणि त्याची आधीची शिंगरं सांगतात. हिशेब त्या दोन्हींचा मिळून करायचा असतो.

घोडा उभा करून काय पाहायचं

घोडा सावलीत घ्या. भर उन्हात लव चमकते आणि रंग फसवतो. नाकपुड्यांभोवतीची कातडी, डोळे, आयाळ आणि शेपूट, गुडघ्याखालचे पाय, या क्रमानं पाहा. अंगाचा रंग सगळ्यात शेवटी, कारण तो ऊन, घाम, चारा आणि ऋतू यांप्रमाणे बदलत राहतो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दिवसभर उघड्यावर बांधलेल्या मुश्की, म्हणजे अंगभर काळ्या घोड्याच्या पाठीवर तांबूस झाक चढते आणि भलेभले त्याला कुमैत (तांबूस अंगाचा, काळ्या आयाळ-शेपटाचा) म्हणून मोकळे होतात. शंका आली तर ओठांभोवती, डोळ्यांच्या कडेला, काखेत आणि जांघेत पाहा. तिथली लव स्पष्ट तपकिरी असेल तर तो बहुधा गडद कुमैत. तिथेही काळाच असेल तर मुश्की. नवी लव आल्यावर पुन्हा एकदा पाहिलं की बहुतेक वेळा शंका फिटते.

पांढऱ्या ठिपक्यांच्या कडा पाहायच्या असतील तर तो भाग पाण्यानं ओला करा. ओल्या लवेखाली गुलाबी कातडी लगेच दिसते. खडू किंवा रंग चोपडलेला असेल तर तोही तेव्हाच हाताला लागतो.

पायाचा (म्हणजे अंगाचा मूळ) रंग दोन जनुकांचा

घोड्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच: एक काळं, एक तांबडं. मुश्की, कुमैत, सुरंग, समंद, सोनेरी, सगळे रंग या दोघांच्या वाटणीतून, फिकेपणातून किंवा अभावातून येतात. घोड्याला गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. शिंगराला प्रत्येकाकडून कुठली प्रत मिळेल हे दर खेपेला नव्यानं ठरतं.

पहिलं जनुक एमसी१आर. रंगपेशीनं काळं द्रव्य बनवायचं की नाही, हे त्यावर ठरतं. त्याच्या चालू प्रतीला मी वहीत 'का' लिहिते आणि बंद पडलेल्या प्रतीला 'ता'. एक तरी 'का' असेल तर पेशी काळं बनवू शकते. दोन्ही 'ता' असतील तर तिला फक्त तांबडंच बनवता येतं, आणि घोडा सुरंग होतो. आयाळ-शेपटासकट कुठेही काळा केस नाही. 'ता' प्रतीतला हा एका अक्षराचा बदल स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९६ साली शोधला.

दुसरं जनुक अगूटी, शास्त्रीय नाव एएसआयपी. ते अंगभर काळं द्रव्य आवरून धरतं. आयाळ, शेपूट, कानांच्या कडा आणि पायांचा खालचा भाग मात्र त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. म्हणून कुमैत घोड्याचं अंग तांबूस आणि टोकं काळी. आवरणाऱ्या प्रतीला 'आ' लिहू, मोकळं सोडणाऱ्या प्रतीला 'मो'. 'मो' प्रतीत ११ अक्षरं गळालेली असतात, हे २००१ साली कळलं. दोन्ही 'मो' असले तर आवरायला कुणीच नाही, काळं अंगभर पसरतं आणि घोडा मुश्की होतो.

या दोघांची सांगड नीट समजून घ्या, कारण बहुतेक भांडणं इथूनच होतात. अगूटी फक्त काळ्याला आवरते. सुरंग घोड्यात काळं बनतच नाही, मग आवरायचं काय? त्यामुळे सुरंग घोडीकडे 'आ' आहे की 'मो', हे तिच्याकडे पाहून कुणालाही सांगता येत नाही.

बार्शीकडच्या एका घोडेवाल्यांनी सुरंग घोडी मुश्की वळूवर (फळवणीच्या घोड्यावर) फळवली. शिंगरू कुमैत निघालं. आईबाप दोघांच्याही रंगात न बसणारं शिंगरू पाहून त्यांना वाटलं की वळूवाल्यानं दुसराच घोडा लावला. मला फोन आला तेव्हा आवाजात चांगलाच राग होता. "मॅडम, सुरंग आणि मुश्कीचं कुमैत होतं होय?" होतं. मुश्की बापानं 'का' दिला, सुरंग आईकडे लपून बसलेला 'आ' तिनं दिला. काळं बनवणारी प्रत आणि ते आवरणारी प्रत शिंगरात पहिल्यांदा एकत्र आल्या. आईला कुमैत बाप होता का, असं विचारलं तर उत्तर आलं, "होता की!" सगळा उलगडा त्याच उत्तरात होता.

याच्या उलट काही गोष्टी कधीच होत नाहीत, आणि त्या पाठ असाव्यात. सुरंगाला सुरंग लावलं तर शिंगरू सुरंगच. मुश्की किंवा कुमैत येणार नाही, कारण 'का' आणायचा कुठून? मुश्कीला मुश्की लावलं तर कुमैत येणार नाही, कारण दोघांकडेही 'आ' नाही; सुरंग मात्र येऊ शकतो, दोघांनीही एकेक 'ता' लपवला असेल तर. कुमैताला कुमैत लावलं तर तिन्ही रंग येऊ शकतात. दोन्ही बाजूंनी 'का ता' आणि 'आ मो' असेल तर कागदावर १६ घरांचा चौकोन आखा: वरच्या बाजूला बापाच्या चार शक्यता (का-आ, का-मो, ता-आ, ता-मो), डाव्या बाजूला आईच्या त्याच चार. घरं भरलीत की ९ घरं कुमैत, ३ मुश्की, ४ सुरंग. अकरावी-बारावीच्या मुलांना मटारच्या शेंगांचा चौकोन मी शिकवतेच. घोड्याचा चौकोन काढला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघतात.

ही घरं म्हणजे दर शिंगरामागची शक्यता. मागच्या वेळी सुरंग झालं म्हणून या वेळी मुश्की होईल, असा हिशेब नसतो.

प्रत्यक्ष हिशेब मांडायचा कसा

समजा तुमची घोडी कुमैत आहे आणि तुम्हाला मुश्की शिंगरू हवं आहे. काळा घोडा अशुभ मानणारे आपल्याकडे आजही आहेत. मला त्यात काही तथ्य वाटत नाही, आणि निरोगी मुश्की शिंगराइतकं देखणं जनावर मी दुसरं पाहिलेलं नाही. असो. घोडी कुमैत आहे म्हणजे तिच्याकडे किमान एक 'का' आणि एक 'आ' आहेच. दुसऱ्या प्रती कुठल्या, हे शोधायचं. तिला आधी सुरंग शिंगरू झालं असेल तर ती 'का ता' आहे. तिचा बाप मुश्की असेल तर तिला त्याच्याकडून 'मो' मिळालाच, म्हणजे ती 'आ मो' आहे. हे दोन प्रश्न विचारले की घोडीचा अर्धा कागद भरला.

आता वळू. मुश्की वळू 'मो मो' असणारच. त्याच्याकडे 'का का' आहे की 'का ता', एवढंच शोधायचं उरतं. त्याला सुरंग घोड्यांपासून बरीच शिंगरं झाली असतील आणि त्यांत एकही सुरंग नसेल, तर तो 'का का' असण्याची शक्यता मोठी; एक जरी सुरंग शिंगरू असेल तर तो 'का ता' ठरला, वाद संपला. 'का का' वळूबरोबर या घोडीला सुरंग होणारच नाही: निम्मी शक्यता मुश्कीची, निम्मी कुमैताची. वळू 'का ता' निघाला तर पावभाग सुरंग, आणि उरलेल्या पाऊणात मुश्की-कुमैत निम्मे निम्मे, म्हणजे आठात तीन मुश्की. घोडी 'आ आ' असेल तर मात्र कितीही वेळा फळवा, या घोडीला मुश्की होणार नाही. तेव्हा मुश्कीचा आग्रह धरणाऱ्यांना मी वळू शोधण्याआधी घोडीची चौकशी करायला लावते.

फिकं करणारी जनुकं

पाया ठरल्यावर काही जनुकं रंग फिका करतात. आपल्या भागात दोनांची ओळख पुरते.

एक क्रीम (एसएलसी४५ए२). याची एक प्रत तांबडं द्रव्य फिकं करते, काळ्याला जवळजवळ धक्का लावत नाही. म्हणून सुरंगावर एक प्रत आली की अंग सोनेरी आणि आयाळ-शेपूट पांढरट होतं, ज्याला पालोमिनो म्हणतात. कुमैतावर आली की अंग मातकट-पिवळं, टोकं काळीच. आणि मुश्कीवर आली की फारसं काही दिसतच नाही. मुश्की वळू क्रीमची प्रत निवांत लपवून फिरतो, आणि सुरंग घोडीपासून अचानक सोनेरी शिंगरू देतो. दोन प्रती आल्या की कुठलाही पाया असो, अंग हस्तिदंती होतं, कातडी गुलाबी आणि डोळे निळे. सोनेरीला सोनेरी लावलं तर पावभाग सुरंग, निम्मी सोनेरी आणि पावभाग हस्तिदंती. नक्की सोनेरीच हवं असेल तर सुरंग पायाच्या, दोन प्रतींच्या हस्तिदंती वळूला सुरंग घोडी लावा. प्रत्येक शिंगरू सोनेरी होईल.

दुसरं डन (टीबीएक्स३). काठियावाडी घोड्यांत हा रंग खूप दिसतो. हा काळं आणि तांबडं दोन्ही फिकं करतो, पण फक्त अंगावर. पाठीच्या कण्यावरून आयाळीपासून शेपटापर्यंत गडद पट्टा राहतो, पुष्कळदा पायांवर आडव्या रेघाही. २०१६ साली याचं कारण सापडलं. डन घोड्याचा केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर रंगद्रव्य केसाच्या एकाच बाजूला साठलेलं दिसतं, दुसरी बाजू रिकामी. दुरून ते फिकं अंग वाटतं. पाठीच्या पट्ट्यात मात्र केस सगळीकडून भरलेला असतो. मला हे फार सुंदर वाटतं.

बाजारात समंद म्हणून जो मातकट अंगाचा, काळ्या पायांचा घोडा दाखवतात, तो या दोन्ही वाटांनी येतो. पाठीवर कडेनं रेखीव, एकसारखा पट्टा असेल तर डन. पट्टा नसेल तर बहुधा क्रीम. फरक फळवणीत कळतो: क्रीमवाल्याची जोडी दुसऱ्या क्रीमवाल्याशी जमवली तर हस्तिदंती शिंगरू येऊ शकतं, डनची दोन प्रतींची शिंगरं डनच दिसतात.

याखेरीज फक्त काळ्याला फिकं करणारं सिल्व्हर नावाचं जनुक आहे, जे सुरंगात लपून राहतं. परदेशी रक्ताचा घोडा असेल तरच त्याचा विचार करा.

पांढरे ठिपके, पंचकल्याण आणि अबलख

सोलापुरी चादरीत सूत आधी रंगतं आणि नक्षी विणताना उमटते. घोड्यातही पायाचा रंग आणि पांढरे पट्टे ही दोन वेगवेगळी कामं आहेत. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि पसरत पसरत पोट, पाय, कपाळ आणि नाकाच्या टोकापर्यंत जातात. जिथे त्या पोचत नाहीत तिथली कातडी गुलाबी आणि केस पांढरे. सगळ्यात लांबच्या जागा कपाळ आणि पाय, म्हणून टिळा आणि पांढरे मोजे तिथेच दिसतात. पंचकल्याण म्हणजे तोंड आणि चारही पाय पांढरे. यात एकापेक्षा जास्त जनुकांचा हात असतो, म्हणून त्याचा काटेकोर हिशेब मांडता येत नाही. एक गोष्ट उपयोगी पडते: त्याच घराण्यात सुरंग शिंगरांना कुमैतांपेक्षा सहसा जास्त पांढरं येतं. पायाचा रंग ठिपक्यांवर असा परिणाम करतो.

अबलखाचं तसं नाही, ते सरळ आहे. आपल्याकडच्या मारवाडी अबलखात पुष्कळदा टोबियानो असतो: पांढरं पाठीवरून आडवं जातं, पाय पांढरे, डोकं साध्या घोड्याचं. हे किट नावाच्या जनुकाशेजारचा गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसल्यामुळे होतं. एक प्रत पुरते. एका प्रतीचा वळू निम्मी अबलख शिंगरं देतो, दोन प्रतींचा सगळीच. दोन प्रती असल्यानं घोड्याच्या प्रकृतीला काही बाधा येत नाही.

यात एक बारकावा आहे जो फार थोडे लोक लक्षात घेतात. किट आणि आपलं पहिलं जनुक, 'का-ता' वालं, एकाच गुणसूत्रावर आहेत, तिसऱ्या. त्यामुळे ते दोघं पुष्कळदा जोडीनंच शिंगरात जातात. समजा वळू काळा अबलख आहे, 'का ता' आहे, आणि त्याला अबलखपणा त्याच्या मुश्की आईकडून 'का' सोबत मिळाला. तर त्याची अबलख शिंगरं जास्त करून मुश्की किंवा कुमैत पायाची निघतील, आणि सुरंग निघालेली शिंगरं जास्त करून साधी, ठिपक्यांविना. वळूची आधीची शिंगरं पाहताना हे तपासा; सुरंग-अबलख हवा असणाऱ्याला अशा वळूकडे जाऊन बरीच वर्षं वाट पाहावी लागेल.

परदेशी पेंट जातीचं रक्त असलेला घोडा कुणी देऊ केला, तर फ्रेम नावाच्या ठिपक्यांची तपासणी केल्याशिवाय फळवू नका. दोन्ही बाजूंनी ते आलं तर शिंगरू पांढरंशुभ्र जन्मतं, त्याच्या आतड्यांत मज्जापेशी नसतात आणि ते काही दिवसांतच दगावतं. यावर उपाय नाही.

पांढरा घोडा: तीन वेगळी जनावरं

वरातीसाठी आणि देवाच्या सेवेसाठी पांढऱ्या घोड्याला मागणी मोठी, म्हणून सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. दुरून सारखेच दिसणारे तीन पांढरे घोडे जनुकांच्या हिशेबानं तीन टोकांना असतात.

पहिला सब्जा. हा जन्मतः पांढरा नसतोच. कुमैत, मुश्की, सुरंग, कुठल्याही रंगात जन्मतो आणि वर्षांगणिक पांढरा होत जातो. कातडी काळीच राहते. नाक आणि डोळ्यांभोवती पाहिलं की कळतं. एसटीएक्स१७ या जनुकातल्या एका तुकड्याची पुनरावृत्ती झाल्यानं हे होतं, असं २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. पुढे २०२४ साली आणखी उलगडलं: तो तुकडा तीनदा असेल तर घोडा लवकर पांढरा होतो, दोनदा असेल तर सावकाश. सब्जा सगळ्या रंगांच्या वर बसतो. क्रीम, डन, अबलख, काहीही असो, शेवटी सगळं पांढऱ्याखाली जातं. म्हणून सब्जा घोडीचा पायाचा रंग हवा असेल तर तिच्या शिंगरूपणीचा फोटो मागा. सब्जा शिंगराला आईबापांपैकी एक तरी सब्जा लागतोच. दोघंही नसतील तर शिंगरू सब्जा होणार नाही.

म्हणून मुश्की शिंगरू म्हणून विकत घेताना आईबाप बघा. त्यांतला एक सब्जा असेल तर शिंगराच्या डोळ्यांभोवती बारकाईनं पाहा. तिथे चष्म्यासारखे पांढरे केस यायला लागले असतील तर ते पुढे पांढरं होणार. आणखी एक खूण: कुमैत शिंगरू जन्मतं तेव्हा त्याचे पाय फिकट असतात आणि ते पुढे काळे होतात, सब्जा होणारं कुमैत शिंगरू पुष्कळदा जन्मतःच गडद, काळ्या पायांचं असतं. गर्रा घोड्याशीही गल्लत करू नका. त्याच्या अंगावर पांढरे केस मिसळलेले असतात, पण डोकं गडद राहतं आणि वयाबरोबर तो पांढरा होत जात नाही. सब्जाचं डोकं आधी पांढरं पडतं.

सब्जा घोड्याला १५ वर्षांच्या पुढे शेपटीखाली, गुदद्वाराभोवती किंवा कानामागे काळ्या गाठी येण्याचं प्रमाण फार मोठं आहे, वय झालेल्यांत ७० ते ८० टक्के. 'मो मो' पायाच्या, म्हणजे मुळात मुश्की असलेल्या सब्जात हा धोका आणखी जास्त. खरारा करताना रोज शेपटी उचलून पाहायची सवय लावा. गाठ दिसली की लगेच पशुवैद्यकाला दाखवा, वाढू देऊ नका.

दुसरा हस्तिदंती, ज्याचं वर सांगितलं: क्रीमच्या दोन प्रती. गुलाबी कातडी, निळे डोळे, अंगावर दुधावर साय असावी तशी पिवळसर झाक. तिसरा खरा पांढरा: किट जनुकातल्या बदलानं रंगपेशी कातडीपर्यंत पोचतच नाहीत. गुलाबी कातडी, शुभ्र केस आणि बहुतेक वेळा तपकिरी डोळे. बाजारात दुसरा आणि तिसरा, दोघांनाही नुकरा म्हणतात, आणि शिंगरांचा हिशेब मात्र अगदी उलटा आहे. हस्तिदंती वळू साध्या सुरंग किंवा कुमैत घोडीपासून कधीही हस्तिदंती शिंगरू देणार नाही, सगळी सोनेरी, मातकट किंवा क्रीम लपवलेली मुश्की येतील. तिसऱ्या प्रकारचा वळू त्याच घोडीपासून निम्मी शिंगरं पांढरी किंवा मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांची देईल, आणि उरलेली अगदी साधी. किटच्या या बदलांपैकी काही दोन्ही बाजूंनी आले तर गर्भ टिकत नाही असं मानतात, म्हणून तसा पांढरा तशाच पांढऱ्याला लावू नये. नुकऱ्यापासून नुकरा हवा म्हणून दुप्पट फी मोजणाऱ्याला मी विचारते: "डोळे कसले? निळे की तपकिरी?" तेवढ्यावर निम्मा व्यवहार ठरतो. डोळ्यांवरून शंभर टक्के खात्री होत नाही, म्हणून मोठी रक्कम असेल तर तपासणी करूनच पुढे जा.

आणि आमच्या भागातल्या उन्हाचा विचार करा. गुलाबी नाकाचा घोडा मे महिन्यात भाजतो. कातडी सोलते, फोड येतात. नुकरा ठेवायचाच असेल तर सकाळी अकरा ते चार पक्की सावली, आणि नाकपुड्यांवर झिंक ऑक्साइडचं मलम. तेवढी सोय नसेल तर काळ्या कातडीचा सब्जा घ्या. वरातीत तोही तितकाच शोभतो.

भीमेच्या खोऱ्यातल्या धनगरांच्या भीमथडी तट्टांना आता देशी जात म्हणून नोंद मिळाली आहे. त्यांच्याबद्दल माझी एक कळकळ आहे. रंगाच्या मागे लागून बाहेरचे नुकरे वळू त्यांच्यावर लावू नयेत. ही तट्टं डोंगर, दुष्काळ आणि मेंढरांच्या वाटा यांसाठी तयार झाली आहेत. त्यांतल्याच कुमैत आणि सुरंगातून निवड करायला भरपूर वाव आहे.

केसांची तपासणी

आईबाप माहीत नसतील तर परदेशातल्या प्रयोगशाळा आयाळीच्या किंवा शेपटीच्या केसांवरून जनुकं सांगतात. कापलेले केस चालत नाहीत. मुळासकट उपटलेले २० ते ३० केस हवेत. केस बोटांना गुंडाळून झटक्यात ओढा, मुळांना हात लावू नका. घोडा धुतलेला असेल तर पूर्ण सुकू द्या. कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते. एका पाकिटात एकच घोडा, वर नाव, वय आणि रंग. जनुकं आयुष्यभर बदलत नाहीत, त्यामुळे तपासणी एकदाच पुरते.

सगळ्याच तपासण्या मागवू नका, पैसे वाया जातात. सुरंग घोडीची एमसी१आरची तपासणी नको, ती 'ता ता' आहेच. तिची अगूटी तपासा. मुश्कीची अगूटी नको, तो 'मो मो' आहे. त्याचं एमसी१आर तपासा, आणि सोनेरी शिंगरं हवी असतील तर क्रीमही. कुमैताच्या दोन्ही. निळ्या डोळ्यांच्या नुकऱ्याची क्रीम, तपकिरी डोळ्यांच्या नुकऱ्याची किट. अबलख वळूची टोबियानोची प्रत एक की दोन, तेवढी एकच. सब्जा वळूच्या सब्जापणाच्या प्रती मोजून घ्या. दोन असतील तर त्याची सगळी शिंगरं पांढरी होणार, आणि रंगीत शिंगरं हवी असणाऱ्यांनी त्याच्याकडे जाऊच नये.

घोडी माजावर यायच्या बरेच आधी निकाल हातात हवा, कारण पाकीट परदेशात जाऊन उत्तर यायला वेळ लागतो. शिंगरू झाल्यावर पहिल्याच दिवशी चारही बाजूंनी, डोळ्यांचा आणि नाकाचा फोटो काढा. मुश्की शिंगरू जन्मतः राखाडी-उंदरी दिसू शकतं, घाबरू नका. तीन-चार महिन्यांत पहिली लव झडली की पुन्हा फोटो, वर्षाचं झाल्यावर पुन्हा. विक्रीची चिठ्ठी लिहिताना जन्मरंग, आताचा रंग आणि आईबापांचे रंग तिन्ही लिहा, आणि आईबापांत कुणी सब्जा असेल तर तेही स्पष्ट नमूद करून दोघांच्या सह्या घ्या.